खिशात मावणारा कॅमेरा: काय झेपतं, काय नाही

कारवी (धागाकर्ती)

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आत्ताच विचारून घेते.

घरात डीएसएलआर आहे, पण तो नवऱ्याचा. लेन्ससकट दीड किलो भरतो आणि भटकंतीला निघताना "राहू दे, भिजेल" एवढ्या एका वाक्यावर कपाटातच राहतो. फोन बरा आहे. पण मला रानफुलांचं वेड, आणि कासला फोनने काढलेली सीतेची आसवं घरी येऊन मोठी करून बघितली की पाकळ्यांच्या जागी नुसता जांभळा रंग फासलेला दिसतो.

कपाट आवरताना एक जुना कॉम्पॅक्ट (छोटा डिजिटल) कॅमेराही हाती लागला. २०१० च्या आसपासचा, १२ मेगापिक्सेल, पाच पट झूम. चार्ज झाला, चालूही झाला. मैत्रीण म्हणते तो देऊन टाक आणि एक इंची सेन्सरवाला सेकंडहँड घे. दुकानात विचारलं तर तिथला मुलगा हसला, "मॅडम, कॉम्पॅक्ट आता घेतं कोण?"

खिसा म्हणजे ट्रेक पँटचा मांडीवरचा चेनवाला खिसा. गळ्यात लोंबणारं काही नको, कातळावर आपटतं. बजेट तीस-पस्तीस हजार. या छोट्या डब्यांकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवायची आणि कशाची नाही, ते वापरलेल्यांनी सांगा. 'फोन घे' म्हणणाऱ्यांचंही ऐकेन, पण कारणासकट.

टिकोजीराव

मेगापिक्सेलवर नंतर भांडू. आधी सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी आतली चिप.

तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात बहुतेक १/२.३ इंची म्हणतात तो असेल. प्रत्यक्ष माप ६.१७ बाय ४.५५ मिमी, क्षेत्रफळ २८ चौरस मिमी. 'एक इंची' १३.२ बाय ८.८, म्हणजे ११६. चौपट झालं. तेवढ्याच एफ-आकड्याला (भिंगाचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा, लहान तेवढा प्रकाश जास्त) चौपट प्रकाश, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). जुन्याला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० वर जे दाणे दिसतात ते याला १६०० च्या सुमाराला दिसायला लागतात. नवऱ्याच्या डीएसएलआरचा सेन्सर एपीएस-सी (डीएसएलआरमधला नेहमीचा आकार) असेल तर तो ३३० ते ३७० च्या घरात जातो.

आता खिशाची अडचण. कॅमेरा तीन-चार सेंमी जाडीत बसवायचा तर भिंग त्यात मिटलं पाहिजे. सेन्सर मोठा केला की झूम आखडता घ्यावा लागतो, झूम लांबवला की सेन्सर लहान. सोनीचा पहिला आरएक्स१०० (२०१२) बघा: एक इंची सेन्सर, २४० ग्रॅम, झूम २८ ते १०० मिमी (आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं जवळ). वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ/१.८, पण झूम पूर्ण ताणला की एफ/४.९. जाहिरातीत मोठ्या अक्षरात १.८ असतं, ४.९ शोधावं लागतं. पुढे सहाव्या अवतारात (२०१८) झूम २०० पर्यंत नेला, तेव्हा वाइडलाच एफ/२.८ वर समाधान मानावं लागलं. उलट बाजूला कॅननचा एसएक्स७४०: खिशात मावतो आणि झूम चाळीस पट, २४ ते ९६०. मात्र सेन्सर तोच २८ चौ. मिमी चा, आणि टोकाला एफ/६.९.

एफ/६.९ ला काय होतं तेही सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. बारावीत विवर्तन शिकलो होतो आपण. बारीक छिद्रातून प्रकाश गेला की टिपकागदावरच्या शाईसारखा पसरतो. एफ/६.९ ला हिरव्या प्रकाशाचा तो ठिपका सुमारे ९ मायक्रॉनचा होतो. त्या सेन्सरवर २० मेगापिक्सेल कोंबलेत, एका पिक्सेलची रुंदी १.२ मायक्रॉन. म्हणजे एका ताऱ्याचा ठिपका सात-आठ पिक्सेलांवर पसरणार, भिंग कितीही भारी असो. २० मेगापिक्सेल फाइलमध्ये असतात, फोटोत नसतात. झाडावरचा धनेश 'ओळखता' येईल, छापता येणार नाही.

कॅननने २००८ च्या जी१० मध्ये १४.७ मेगापिक्सेल भरले होते. पुढच्याच वर्षी जी११ आणि खिशात मावणारा एस९० काढले, ते साधारण तेवढ्याच सेन्सरवर १० मेगापिक्सेलचे. कंपनी आपणहून आकडा खाली आणते म्हणजे समजून जा.

खडूस

एवढं भौतिकशास्त्र वाचून दमलो. टिकोजीराव, सगळं खरं असेल, पण तुमचीच फूटपट्टी लावून बघा. हल्लीच्या बऱ्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर २८ चौ. मिमी पेक्षा मोठा असतो. शाओमीने तर १३ अल्ट्रामध्ये एक इंचीच घातला. वर फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो काढून एकावर एक रचतो, दाणे पुसतो, आभाळ जळू (पांढरंफटक होऊ) देत नाही. धागाकर्तीचा २०१० चा डबा हे जन्मात करणार नाही.

बाजारानेही निकाल दिलाय. कॅमेरा उत्पादकांच्या जपानी संघटनेचे, सीपाचे आकडे: २०१० साली जगभरात दहा कोटींच्या वर कॉम्पॅक्ट गेले, २०२३ ला सतरा लाखांच्या आसपास. लोक काय वेडे आहेत?

टिकोजीराव

वेडे नाहीत. वाढदिवस, जेवणाचं ताट, बिलाचा फोटो यासाठी लोक कॉम्पॅक्ट घेत होते, ते काम फोनने घेतलं आणि बरंच केलं. १/२.३ इंची आणि साधा झूम असलेला कॅमेरा आज नवा घेण्यात अर्थ नाही, यात माझं दुमत नाही.

पण ती रचना कुठे फसते ते बघा. फोटो एकावर एक रचायचे तर समोरची वस्तू जागेवर हवी. कासच्या पठारावर वारा कधी थांबलाय? बोटभर देठावर पाच-सहा मिमीचं फूल, आणि ते सतत डुलतंय. प्रत्येक फ्रेममध्ये फूल वेगळ्या जागी. फोन मग अंदाजाने जुळवतो, जुळत नाही तिथे पुसतो. कारवीताईंना दिसलेला तो 'फासलेला जांभळा रंग' मला तरी त्यातलाच वाटतो. त्यात भर म्हणजे फोनचं मुख्य भिंग फार जवळ फोकस करत नाही. बऱ्याच फोनमध्ये जवळ गेलं की तो गुपचूप वाइड कॅमेऱ्यावर उडी मारतो, आणि त्याचा सेन्सर चिमुकला.

कारवी

अगं बाई, हे गुपचूप उडी मारणं मी पाहिलंय! जवळ गेलं की चित्र एकदम हलल्यासारखं होतं आणि कडा वाकतात. मला वाटायचं माझाच हात हलला.

मग वाऱ्यावर उपाय काय?

घाटवाट्या

फ्लॅश. नाक मुरडू नका.

बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये झेनॉन फ्लॅश असतो. त्याचा झगमगाट सेकंदाच्या हजाराव्या भागात, कधी त्याहून लवकर संपतो. फोनचा एलईडी म्हणजे नुसती बॅटरी, तो हालचाल थिजवत नाही. दुसरं म्हणजे एक इंचीवाल्या आणि रिको जीआरसारख्या कॅमेऱ्यांत शटर भिंगाच्या आतच पात्यांचं असतं, त्यामुळे ते १/१००० किंवा त्याहून जलद शटरलाही फ्लॅशशी जुळतं. डीएसएलआर साध्या पद्धतीने १/२०० ते १/२५० च्या पुढे जात नाही. म्हणजे भर दुपारी, वारा सुटलेला असताना, आभाळ जळू न देता फूल थिजवायचं तर हे छोटं यंत्र मोठ्यापेक्षा सोपं पडतं. आरएक्स१०० च्या पहिल्या मॉडेलांचा फ्लॅश बोटाने मागे ओढून आकाशाकडे वळवता येतो. खोलीत छताकडे वळवून वापरला तर चेहऱ्यावरची ती पोलीस ठाण्यातली चमक जाते.

फुलासाठी फ्लॅशवर टिश्यूपेपरची दुहेरी घडी रबरबँडने बांधायची. तेलकट चकाकी जाते.

गणोबा

फ्लॅशवरून आठवलं म्हणून विचारतो, हसू नका. आमच्या ग्रुपवर एका किल्ल्यावरच्या मुक्कामाचे फोटो आलेत. रात्री, टाक्याजवळ. सगळ्यांच्या डोक्यावर पांढरे अर्धपारदर्शक गोळे तरंगताहेत. जुन्याच डिजिटल कॅमेऱ्याचे आहेत. निम्मा ग्रुप म्हणतो ती 'जागा' तशी आहे. एकाने नारळ फोडायचाही बेत केलाय.

घाटवाट्या

नारळ फोडा, खोबरं वाटून खा. गोळे धुक्याचे आहेत.

छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगापासून जेमतेम दोन-तीन सेंमी वर असतो. भिंगासमोर वीतभर अंतरावर धुक्याचा थेंब किंवा धुळीचा कण असला की फ्लॅशचा प्रचंड उजेड त्यावर पडून सरळ भिंगात परततो. माणसं तीन मीटरवर, थेंब वीतभरावर, त्यामुळे थेंबावर पडणारा उजेड शेकडो पटींनी जास्त. आणि इतका जवळचा थेंब फोकसमध्ये नसल्याने त्याची गोल चकती होते. मोठ्या कॅमेऱ्यावर फ्लॅश उंच बसवलेला असतो, म्हणून तिथे हे भूत क्वचित येतं.

खात्री करायची असेल तर रात्री गॅलरीत उभं राहून झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्याने हवेत पाणी उडवा आणि फ्लॅश मारा. वाटेल तेवढे पूर्वज येतील.

गणोबा

=)) फवारा मारून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. नारळ रद्द. एक जण म्हणतो गॅलरीतही असू शकतात.

निवांत

फुलांचं मला कळत नाही, मी माणसांचे फोटो काढतो. दरवर्षी वारीत थोडं चालतो. मोठा कॅमेरा काढला की समोरचा माणूस टोपी सारखी करतो, बायका पदर सावरतात, आणि जे टिपायचं होतं ते गेलेलं असतं. छोट्या कॅमेऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

रिको जीआर३ वापरतो. झूम नाही, नुसतं २८ मिमी, पण सेन्सर डीएसएलआरएवढा आणि वजन २५७ ग्रॅम. त्यातली 'स्नॅप फोकस' सोय माझ्यासाठी सोनं आहे. फोकस आधीच अडीच मीटरवर बांधून ठेवायचा, एफ/८ ठेवायचं, मग सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. बटण दाबलं की फोटो झाला. फोकस शोधण्यात वेळ जातच नाही. जुन्या कॉम्पॅक्टमध्ये बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदाने फोटो निघायचा, फुगडीतल्या बाईची पाठ यायची, आठवतं का? त्यावर इलाज एवढाच की बटण आधी अर्धं दाबून धरायचं आणि क्षण आला की उरलेलं दाबायचं. कारवीताईंच्या जुन्या कॅमेऱ्यालाही हे लागू.

दिंडीत पांढरी बंडी, पांढरं धोतर, पांढऱ्या टोप्या. कॅमेरा घाबरून सगळं करडं करतो. एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप वर ढकलायचं. पण वर ऊन असेल तर टोप्या जळतात, आणि छोट्या सेन्सरवर जळलेलं परत येत नाही. जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा आयुष्यभर असल्याच खिशातल्या कॅमेऱ्यांनी रस्त्यावर फिरले, त्यातही रिकोचे जीआर होतेच.

दोष सांगतो. बॅटरी दोनशे फोटोंत मान टाकते, दोन जास्तीच्या लागतातच. आणि भिंग आत-बाहेर होताना धूळ ओढून घेतं. वारीच्या वाटेवरची धूळ तुम्हाला माहीत आहे.

खडूस

मोरियामा कोणत्याही डब्याने काढेल हो. आपण मोरियामा आहोत का?

निवांत

नाही. म्हणून तर सोपा कॅमेरा हवा. :)

आणि फक्त रस्त्यावरच्या हौशींचं नाही. मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेचे अलेक्स मायोली इराक युद्धाच्या काळात ऑलिंपस सी-५०५० सारखे ५ मेगापिक्सेलचे छोटे कॅमेरे घेऊन वार्तांकन करत होते. आज तो कॅमेरा भंगारात कोणी घेणार नाही.

मास्तर_निवृत्त

नातवाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं दुःख मांडतो. मुलाने मोठ्या झूमचा कॉम्पॅक्ट दिलाय. बाराव्या रांगेतून फोटो काढला. पुढच्या रांगेतल्या पालकांची डोकी चकचकीत, तेल लावलेलं केस न् केस दिसतंय, आणि मागे रंगमंच काळाकुट्ट. नातू शिवाजी झाला होता. तलवार तेवढी ओळखू येते. काय करायला हवं होतं?

टिकोजीराव

मास्तर, फ्लॅश बंद करा, ही पहिली गोष्ट. त्या छोट्या फ्लॅशचा उजेड चार-पाच मीटरवर संपतो. बाराव्या रांगेतून तो फक्त अकराव्या रांगेची सेवा करतो.

दुसरी कडू गोष्ट. तिथून हे त्या कॅमेऱ्याला झेपणारं कामच नव्हतं. झूम ताणला की एफ/६ च्या पुढे, मुलं नाचताहेत म्हणून शटर निदान १/१२५ हवं, मग आयएसओ ३२०० वर जातो आणि २८ चौ. मिमी चा सेन्सर तिथे रंगीत रवा पाडतो. रवा दिसू नये म्हणून कॅमेरा आपोआप घासून पुसतो, त्यात नाक-डोळे जातात. पुढच्या वर्षी बाईंना सांगून रंगमंचाच्या कडेला, पडद्याजवळ उभे राहा, झूम करू नका, आणि स्पॉटलाइटखाली मूल आलं की काढा. निवृत्त शिक्षकाला एवढी सवलत कोणतीही शाळा देते.

मास्तर_निवृत्त

ही सूचना पटली. मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी आहेत.

बे_एरियातली_माऊ

इकडे वेगळीच तऱ्हा. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला 'डिजिकॅम' हवाय. मैत्रिणी आईबाबांच्या ड्रॉवरमधले २००७-०८ चे गुलाबी-चंदेरी कॅमेरे घेऊन पार्टीला जातात. फोटो फ्लॅशने पांढरेफटक, कडा धूसर, आणि त्यांना तेच आवडतं! म्हणे 'सीसीडी (जुन्या पद्धतीच्या) सेन्सरचे रंग वेगळे असतात'. सेकंडहँडचे भाव बघून मी गार पडले. सीसीडीत खरंच काही जादू आहे की नुसती हवा?

टिकोजीराव

बरीचशी हवा. त्या काळचे कॅमेरे रंग जरा भडक आणि कॉन्ट्रास्ट जास्त ठेवून जेपीईजी बनवायचे, उजळ भाग पटकन जळायचे, आणि सरळ तोंडावर फ्लॅश. या तिन्हीचा मिळून तो 'लूक' होतो. त्यात सीसीडीचा वाटा किती हे वेगळं काढून दाखवणं कठीण आहे. सीसीडीची हमखास ओळख सांगायची तर दिवा किंवा सूर्य समोर आला की स्क्रीनवर आणि व्हिडिओत उभी जांभळट-पांढरी रेघ पडते. ती मात्र अस्सल!

जुना घेताना कार्ड बघा. २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे २ जीबीच्या वरचं एसडी कार्ड ओळखत नाहीत, आणि आज २ जीबीचं कार्ड मिळवणं हीच मोहीम आहे. काही सोनींना त्यांची मेमरी स्टिक लागते, जुन्या ऑलिंपस-फुजींना एक्सडी. पेन्सिल सेलवर चालणारा मिळाला तर उत्तम, त्यात रिचार्जेबल निकेल सेल घाला. साधे सेल फ्लॅश मारत राहिलं की लगेच बसतात.

काथ्याकूट

अवांतर: जुना कॅनन असेल तर सीएचडीके बघा. हौशी लोकांनी लिहिलेली प्रणाली आहे, कार्डवर टाकायची, कॅमेऱ्याचं मूळ सॉफ्टवेअर तसंच राहतं, कार्ड काढलं की कॅमेरा पूर्ववत. ज्या मॉडेलमध्ये रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) नाही त्यातून रॉ मिळतं, शटर मनासारखं लांबवता येतं. हालचाल ओळखून आपोआप क्लिक करणारी स्क्रिप्ट लावून लोक वीज पकडतात. वळवाच्या पावसात खिडकीत कॅमेरा ठेवायचा आणि आपण भजी खायची.

पाणकावळा

सगळे एक इंची, एक इंची करताहेत, पण कारवीताईंना हवं आहे ते फूल आणि पाऊस. म्हणून उलटं मत नोंदवतो.

आरएक्स१०० कागदावर ५ सेंमीपर्यंत फोकस करतो, पण फक्त वाइडला. झूम केला की किमान अंतर ५५ सेंमी होतं आणि पाच मिमीचं फूल ठिपका बनून राहतं. वाइडला जवळ गेलात तर कॅमेऱ्याची स्वतःची सावली फुलावर, आणि फ्लॅश मारला तर भिंगाच्या नळीची सावली. वर क्लोज-अप भिंग चिकटवून मार्ग निघतो, पण धो-धो पावसात ती कसरत कोण करणार?

ऑलिंपसचा टीजी-६ (२०१९) बघा. सेन्सर तोच १/२.३ इंची, १२ मेगापिक्सेल, झूम २५ ते १००. पण त्यात मायक्रोस्कोप मोड आहे, झूम ताणूनही भिंगापासून १ सेंमीवर फोकस होतो. भिंग बाहेर येतच नाही, सगळा झूम आतल्या आत. वेगवेगळ्या फोकसचे फोटो काढून कॅमेराच ते जोडतो (वारा नसेल तरच, टिकोजीरावांचा नियम इथेही लागू). भिंगाभोवती बसणारी प्रकाशाची कडी वेगळी मिळते, त्याने सावलीचा प्रश्न मिटतो. रॉ आहे. आणि काही न गुंडाळता १५ मीटर पाण्यात जातो. मी तारकर्लीला नेतो, पावसात तर खिशातच असतो.

लहान सेन्सरचा इथे फायदाच होतो. जवळून फोटो काढताना फुलाची पुढची पाकळी स्पष्ट तर मागची धूसर ही रड असते. या सेन्सरला एफ/२.८ वर जेवढी खोली फोकसमध्ये मिळते तेवढी मोठ्या फुल-फ्रेमला (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरला) एफ/१६ च्या आसपास मिळते. ते फूल, मागे पठार, त्यावर ढग, सगळं एका फ्रेममध्ये ओळखू येतं.

टिकोजीराव

सहमत, एक तळटीप जोडून. ती खोली फुकट नाही. मोठ्या सेन्सरवाल्याने एफ/१६ ला जाऊन आयएसओ चढवला तर जवळपास तसाच फोटो निघतो, तसेच दाणे, तशीच खोली. फरक एवढाच की मोठ्याकडे एफ/२.८ ला परत येण्याचा रस्ता असतो. टीजीला मागचं धूसर करून हवं असेल तर ते फक्त फुलाच्या अगदी अंगावर गेल्यावरच जमतं. माणसाचं पोर्ट्रेट विसरा. आणि संध्याकाळी गडाच्या माथ्यावरून दरी काढाल तेव्हा फोनच बरा दिसेल.

तरी ताईंच्या कामाला टीजी बसतो, हे मान्य.

खडूस

घ्या. शेवटी सगळ्यात लहान सेन्सरच जिंकला. आणि संध्याकाळी फोन. माझं मत अर्धं तरी ग्राह्य धरावं. (हलके घ्या.)

कारवी

खडूस, तुमचं अर्धं मत मान्य, उरलेलं अर्धं पुढच्या धाग्यात.

मंडळी, फारच उपयोगी. जुन्या कॅमेऱ्यावर काल प्रयोग केला. कुंडीतला तेरडा, वाइडला ठेवून मॅक्रो, टिश्यूची घडी लावून फ्लॅश. पंखा मुद्दाम चालू ठेवला. पाकळीच्या मागचा शेपटीसारखा बाक आणि त्यावरची लव दिसतेय! खालचा कोपरा काळा आला, ती नळीची सावली असणार. प्रचि (फोटो) इथे चढत नाहीये, साइझ जास्त म्हणतंय.

सेकंडहँड टीजी-६ किंवा त्याच्या आधीचा टीजी-५ बघतेय. मुंबईला जायचं आहेच, बोरा बाजारात चक्कर मारीन. घेताना काय तपासायचं?

घाटवाट्या

बोरा बाजारात आधी दोन-तीन दुकानं नुसती फिरा, पहिल्याच दुकानात पैसे काढू नका. स्वतःचं कार्ड न्या, दुकानातल्या कार्डावर फोटो काढून काही कळत नाही. आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, राखाडी ठिपके दिसले तर आत धूळ. मोबाइलची बॅटरी भिंगावर तिरकी मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर बुरशी, तो कॅमेरा कोकणात किंवा मुंबईत कपाटात पडून होता समजायचं. घेऊ नका, कितीही स्वस्त दिला तरी. फ्लॅश चार-पाच वेळा मारून बघा. बॅटरी टेबलावर ठेवून फिरवा, भोवऱ्यासारखी फिरली तर फुगलेली आहे.

बाहेर येणारं भिंग असलेला कॅमेरा असता तर चालू-बंद करून कान लावायला सांगितलं असतं. किनाऱ्यावरचा वाळूचा एक कण त्या नळीत अडकला की 'लेन्स एरर' येऊन कॅमेरा ठप्प होतो, आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याएवढा. टीजीत तो धोका नाही.

पाणकावळा

टीजीत धोका वेगळा आहे. बॅटरीच्या आणि वायरीच्या झाकणाला आतून रबरी पट्टी असते, पाणी अडवते ती तीच. त्यावर एक केस किंवा वाळूचा कण बसला तरी पाणी आत. विकत घेताना झाकणं उघडून पट्टीला चीर, चेपलेला भाग, पांढरट मीठ आहे का बघा. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे मॅडम" म्हणेल. सेकंडहँड कॅमेऱ्याच्या बाबतीत ते वाक्य ऐकून सोडून द्यायचं. आधी बॅटरी-कार्ड काढून, झाकणं लावून बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. बाहेर काढल्यावर झाकण उघडण्याआधी पूर्ण पुसा, केसांतलं पाणीसुद्धा. निम्म्या वेळा पाणी तिथूनच जातं.

समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचा आणि पाण्यातच बटणं दाबायची, म्हणजे बटणांखालचं मीठ निघतं. सावलीत वाळवा, उन्हात नको.

गणोबा

बादलीत बुडवताना वॉरंटीचं काय?

पाणकावळा

सेकंडहँडला कसली वॉरंटी, गणोबा? दुकानदाराशी आधीच बोलून घ्या: दोन दिवसांत परत आणला तर पैसे देणार का, आणि तसं बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर पुढचं दुकान.